वाचकांचे प्रश्न : वणवा, धुरा आणि शेजार

नागपूरच्या भोवतालच्या सागवनात फाल्गुन लागला की पानांचा खच पडतो आणि आमच्या टपालात वणव्यावरची पत्रे येऊ लागतात. या वर्षी ती नेहमीपेक्षा अधिक आली. त्यातील सात प्रश्न येथे घेतले आहेत. काही पत्रे लांब होती, ती आशय न बदलता आटोपशीर केली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचे शेत कोंढाळीच्या पुढे जंगलाला लागून आहे. मागच्या मार्चमध्ये शेजाऱ्याने गहू निघाल्यावर धुरा (शेताच्या कडेचा गवताळ बांध) पेटवला आणि आग जंगलात शिरली. त्याने विझवायचा प्रयत्न केला, पण वारा फिरला. दुसऱ्या दिवशी वनरक्षकाने सगळ्या गावाला धारेवर धरले. शेजारी गप्प राहिला आणि आम्हीही त्याचे नाव घेतले नाही. जबाबदारी नेमकी कोणाची, आणि शेजाऱ्याशी वैर न घेता हे थांबवायचे कसे? (एक शेतकरी, काटोल तालुका)

उत्तर : कायद्याचे उत्तर सरळ आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहेच. शिवाय वनाला धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटवणे किंवा पेटती सोडून देणे हाही गुन्हा आहे, मग ती आग स्वतःच्या धुऱ्यावरची का असेना. त्याच अधिनियमाचे कलम ७९ मात्र फार कमी गावकऱ्यांना माहीत असते. राखीव किंवा संरक्षित वनात ज्यांना चराईचा, सरपणाचा किंवा वनोपजाचा हक्क आहे, त्यांच्यावर आगीची खबर देण्याचे आणि ती विझवायला मदत करण्याचे बंधन हे कलम घालते. म्हणजे आग लावणारा एक असला तरी ती पाहून गप्प बसणारेही कायद्याच्या नजरेतून सुटत नाहीत. आग हेतुपुरस्सर किंवा घोर निष्काळजीपणाने लागली असेल, तर त्या वनातील चराईचे आणि वनोपजाचे हक्क काही काळ स्थगित करण्याचा अधिकारही शासनाला आहे. शिक्षा अशी सगळ्या गावाला लागू शकते, आणि गाव तोंड मिटून बसते त्याचे एक कारण हेच आहे.

आपल्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते हे गप्प बसणे. आग लागल्यावरचा पहिला तास मोलाचा असतो. त्या तासात चार माणसे हिरव्या डहाळ्या घेऊन धावली, तर धुऱ्यावरची आग धुऱ्यावरच संपते. परंतु ज्याच्या हातून ती सुटली, त्याला फोन करण्याचीच भीती वाटत असेल, तर तो तास वाया जातो. म्हणून गावाने आधीच ठरवून घ्यावे की जो स्वतः हाक मारील त्याच्यामागे गाव उभे राहील आणि जो पळून जाईल त्याच्यामागे राहणार नाही. गुन्हा माफ करण्याचा अधिकार ग्रामसभेला नाही, हे खरे. पण चुकून सुटलेली आग तत्काळ कळवणारा आणि मुद्दाम आग लावणारा यांच्यातला फरक क्षेत्रीय अधिकाऱ्यांनाही कळतो, आणि गावाने तो ठरावात लिहून दिला तर अधिक स्पष्ट कळतो.

आता थांबवण्याविषयी. सकाळी दहाच्या सुमारास धुरा पेटवणाऱ्या शेतकऱ्याला मी अनेकदा जवळून पाहिले आहे. धूर सरळ वर जात असतो, माणूस निर्धास्त असतो आणि जेवायला बांधावरच्या पळसाखाली बसतो. साडेबारा-एकच्या सुमारास जमीन तापते आणि मोकळ्या वावरात वावटळ उठते. ती जळते कुसळ उचलते आणि धुऱ्यापलीकडच्या सागाच्या पानांत नेऊन टाकते. सागाचे वाळलेले पान हातात घेऊन पाहा, पापडासारखे असते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारची आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते. अशा पानाला पेटायला एक ठिणगी पुरते.

यावर उपाय एकट्या शेतकऱ्याच्या हातात नाही, कारण आपल्या शेतामागची जमीन एका मालकाची नाही. कुठे ती वनविभागाची आहे, कुठे वनविकास महामंडळाची, कुठे महसूल खात्याच्या दप्तरातले झुडपी जंगल आहे आणि कुठे पलीकडच्या गावाचे सामूहिक वनहक्काचे क्षेत्र. पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांत मिळून झुडपी जंगल सुमारे ८६ हजार हेक्टर आहे, आणि ते वन समजले जावे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला. परंतु त्यावरच्या गवताला आग लागली तर आधी कोण धावणार, हे निकालाने ठरत नाही. ते जानेवारीत एका ओसरीवर बसूनच ठरवावे लागते. वनरक्षक, महामंडळाचा कर्मचारी, तलाठी, पोलीस पाटील आणि शिवेला शिव लागलेल्या दोन-तीन गावांचे लोक एकत्र बसले, जमिनीवर चुन्याने शिवार आखले आणि कोणाचा धुरा कोणत्या दिवशी साफ होणार हे त्यावर मांडले, की निम्मे काम होते. अशा एका बैठकीत मी होतो. पहिला तासभर लोक गेल्या वर्षीच्या आगीवरून एकमेकांना दोष देत होते. मग एका म्हाताऱ्याने चुन्याच्या रेघांवर खडे ठेवून आग दरवर्षी कोणत्या तीन जागांवरून आत शिरते ते दाखवले, आणि बाकीची चर्चा त्या तीन जागांपुरती झाली.

उत्तराखंडातील अल्मोडा जिल्ह्यात शीतलाखेत परिसरातील गावांनी वनविभागाबरोबर असाच तारखेचा करार केला. तेथे डोंगरउतारावरच्या शेतातील झुडपे कापून, ढीग करून जाळण्याची रीत आहे. त्याला ते ओण म्हणतात. चीडाची (पाइनची) सुकी पाने रानात साचून आगीचा हंगाम ऐन भरात येण्यापूर्वी, म्हणजे ३१ मार्चपर्यंत, हे जाळणे संपवायचे असे त्यांनी ठरवले आणि १ एप्रिल हा ओण दिवस म्हणून पाळायला सुरुवात केली.

ती तारीख जशीच्या तशी उचलून आपले भागणार नाही. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत धरतात, आणि आपला गहू तर मार्चमध्ये निघतो. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. धुऱ्यावरचे गवत डिसेंबरातच वाळते. ते जानेवारीत कापावे. जाळायचेच असेल तर वनरक्षकाला कळवून, सकाळी लवकर, शेजारी हजर असताना आणि १५ फेब्रुवारीच्या आत जाळावे. गव्हाचे धसकट आणि पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या) जाळूच नये, त्यासाठी चार-पाच जणांनी मिळून रोटाव्हेटर किंवा पऱ्हाटी बारीक करणारे यंत्र भाड्याने घ्यावे. वनविभाग हंगामापूर्वी जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून मोकळी ठेवलेली पट्टी, साफ करतोच. तिला लागून असलेले धुरे त्याच आठवड्यात साफ झाले, तर दोन पट्ट्यांची मिळून एक रुंद पट्टी होते आणि कोणालाही वेगळा खर्च येत नाही. पूर्वी जाळरेषा वनविभागाची आणि धुरा शेतकऱ्याचा, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या महिन्यांत साफ होत, आणि मधली हातभर गवताची कड तशीच उभी राही. आग त्या कडेवरूनच धावते.

प्रश्न : आमच्या बचत गटातील बहुतेक बाया मोहफुले वेचतात. वनविभाग म्हणतो की आगी आम्हीच लावतो. झाडाखालचा पालापाचोळा जाळल्याशिवाय फूल दिसत नाही, हेही खरे आहे. आम्ही काय करावे? (बचत गटाच्या अध्यक्ष, देवलापार परिसर)

उत्तर : ताई, आपण हे मोकळेपणाने लिहिले याबद्दल आभार. मोहाखालचा पाला जाळणे हे आपल्याकडच्या वणव्यांचे एक मोठे कारण आहे, आणि ते करणाऱ्या बायांना जंगल जाळायची हौस नाही, हेही तितकेच खरे. मोह फुलतो मार्च-एप्रिलमध्ये, फुले उत्तररात्रीपासून पडू लागतात आणि ऊन चढायच्या आत ती वेचावी लागतात. तेंदू-सागाच्या पिवळट पाचोळ्यात पिवळट फूल शोधायचे, तेही अंधुक उजेडात, आसपास अस्वल किंवा वाघ असण्याची शक्यता मनात धरून. काळी, साफ केलेली जमीन हवीशी वाटणारच.

परंतु त्या आगीचा पहिला फटका मोहालाच बसतो. आपल्या परिसरात मांडीइतक्या जाडीचे तरणे मोह किती आहेत, हे एकदा मोजून पाहा. आजी-आजोबांच्या वेळचे डेरेदार वृक्ष आहेत आणि त्यांच्याखाली रोपटी नाहीत, असे चित्र अनेक ठिकाणी दिसते. झाडाखाली उगवलेले रोप दरवर्षी जळत राहिले, तर पुढच्या पिढीने फुले वेचायची कुठून?

उपाय म्हणून जाळीचा विचार करा. झाडाखाली बांबूच्या खुंट्यांना नायलॉनची बारीक जाळी बांधली, की फूल जमिनीला लागत नाही, माती-खडा येत नाही, वाळवल्यावर रंग चांगला राहतो आणि व्यापाऱ्याला भाव पाडायला निमित्त मिळत नाही. वाघाच्या भीतीने पहाटे धावत जाण्याचीही गरज उरत नाही, थोडे उजाडल्यावर गेले तरी चालते. अडचण पैशांची आहे, कारण एका कुटुंबाकडे पाच-सहा झाडे असतात आणि एवढ्या जाळ्या एकदम घेणे परवडत नाही. आपले गाव पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रात असेल, तर ग्राम परिस्थितीकीय विकास समितीच्या आराखड्यात जाळ्यांची मागणी लेखी नोंदवा, डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना २०१५ पासून अशाच गावांसाठी आहे आणि तिच्यातून गॅसजोडण्याही दिल्या गेल्या आहेत. ज्यांना जाळी मिळणार नाही त्यांनी झाडाभोवतीचा पाला झाडून, ढीग दूर नेऊन खतखड्ड्यात टाकावा. काम कष्टाचे आहे, मी ते सोपे आहे असे म्हणणार नाही.

आपली एक जमेची बाजू वनविभागानेही ओळखायला हवी. गावात कोणता मोह कोणत्या घराचा, हे पिढ्यान्पिढ्या ठरलेले असते. ही वाटणी कागदावर नसली तरी सगळ्यांना तोंडपाठ असते. म्हणजे कोणत्या झाडाखाली आग लागली तर पहिली हाक कोणाला मारायची, हेही ठरलेलेच आहे. बचत गटाने ही यादी स्वतः करून वनरक्षकाला दिली, तर "बाया आगी लावतात" या सरसकट आरोपाला उत्तर मिळेल आणि जिथे खरोखर चूक होते ते झाडही सापडेल.

तेंदूबद्दल आपण विचारले नाही, तरी दोन वाक्ये लिहितो. कोवळी पाने भरपूर फुटावीत म्हणून झुडपे जाळण्याची रीत आहे. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपे छाटली तरी तसाच नवा फुटवा येतो. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि तिने तेंदूपाने तोडणेच बंद केले, कारण त्यासाठी होणारी तोड आणि आग त्यांना नको होती. बांबूच्या उत्पन्नावर त्यांनी भर दिला. प्रत्येक गावाला हे परवडेल असे नाही. परंतु ज्या ग्रामसभा स्वतः तेंदूचा लिलाव करतात, त्यांना करारात "आग लावल्यास करार रद्द" ही एक ओळ घालायला कोणाची परवानगी लागत नाही.

प्रश्न : अमेरिका-ऑस्ट्रेलियात हेलिकॉप्टर आणि विमानांनी आग विझवतात. आपण अजून डहाळ्यांनी झोडपत बसलो आहोत. गावांच्या बैठका घेण्यापेक्षा आधुनिक दल उभारणे योग्य नाही का? (पदव्युत्तर विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : हेलिकॉप्टरने पाणी टाकण्याचे प्रयोग आपल्याकडेही झाले आहेत, २०१९ मध्ये बंडीपूरला आणि २०२४ मध्ये नैनितालला हवाई दलाची मदत घेण्यात आली. विदर्भातील आग मात्र बहुतेक जमिनीलगत, झाडांच्या छायेखाली सरपटणारी असते, एकाच दुपारी वीस ठिकाणी लागते आणि प्रत्येक ठिकाणी लहान असते. तिला वरून पाणी टाकून फारसे साधत नाही. खाली उभ्या माणसाच्या हातातला ब्लोअर, जो पाने बाजूला उडवून आगीपुढे रिकामी पट्टी करतो, तो येथे अधिक उपयोगी पडतो, आणि तो आता वनविभागाच्या बहुतेक पथकांकडे असतो. तेव्हा आपण नुसते झोडपत बसलो आहोत, हे तितकेसे बरोबर नाही.

आपण ज्या देशांची उदाहरणे दिली, तेथील अनुभव अधिक बारकाईने पाहावा. कॅलिफोर्नियाकडे जगातील अत्यंत सुसज्ज अग्निशमन यंत्रणा आहे. तरीही ८ नोव्हेंबर २०१८ रोजी विजेच्या वाहिनीतील बिघाडातून पेटलेल्या आगीने पॅराडाईज हे गाव जवळजवळ पूर्ण जळाले, ८५ माणसे गेली आणि १८ हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. अशा आगीत घरे पुष्कळदा ज्वाळांनी पेटत नाहीत. वाऱ्याने उडून आलेले निखारे छपरावरच्या पाल्यात किंवा भिंतीला टेकलेल्या लाकडात पडतात आणि एका घराच्या आगीतून दुसरे घर पेटते. म्हणजे माझे घर वाचवायचे असेल, तर शेजाऱ्याने त्याचे अंगण साफ ठेवले पाहिजे. तेथील मोहल्ल्यांनी मिळून घराभोवतीची जागा साफ ठेवण्याची चळवळ यातूनच वाढली, आणि जमीनमालकांनी एकमेकांच्या शेतावर जाऊन हंगामाआधी ठरवून गवत जाळण्याच्या संघटनाही काढल्या. हे आपल्या सावड पद्धतीहून फार वेगळे नाही.

पोर्तुगालची स्थिती तर आपल्या झुडपी जंगलाची आठवण करून देणारी आहे. तेथील जंगल बहुतांशी खाजगी आहे, तुकडे लहान आहेत आणि अनेक मालक गाव सोडून शहरात गेले आहेत. २००५ पासून तेथे लहान मालकांनी एकत्र येऊन एकाच आराखड्याने जंगल सांभाळण्याची कायदेशीर सोय आहे. पण जून २०१७ मध्ये पेद्रोगाव ग्रांद परिसरात ६६ माणसे मेली, त्यांतील बरीचशी रस्त्यावर, मोटारीतून पळताना. त्यानंतर २०१८ मध्ये गावोगाव एक जबाबदार व्यक्ती, एक ठरलेले आसऱ्याचे ठिकाण आणि बाहेर पडण्याचा ठरलेला मार्ग, अशी योजना सुरू झाली. एवढ्या मोठ्या दुर्घटनेनंतर त्या देशाला पहिली उणीव दिसली ती गावातल्या माणसाची होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात, पश्चिम आर्नहेम भूमीत, २००६ पासून तेथील मूळ रहिवासी वनरक्षक म्हणून कोरड्या ऋतूच्या सुरुवातीलाच लहान लहान पट्टे जाळतात, म्हणजे ऋतूच्या शेवटी मोठी आग पसरायला जागा उरत नाही. त्यामुळे कमी झालेल्या हरितगृह वायूंच्या हिशेबावर एक वायू कंपनी त्यांना मोबदला देऊ लागली. तेथे हेलिकॉप्टर आहे, पण ते जाळण्याच्या कामाला मदत करते. आपण ऑस्ट्रेलियाचे उदाहरण देणार असाल, तर हेही द्या.

प्रश्न : उपग्रहावरून आगीचा संदेश येतो म्हणतात. आमच्या समितीला संदेश येईपर्यंत आग संपलेली असते. मग त्याचा उपयोग काय? (संयुक्त वन व्यवस्थापन समितीचे सदस्य, उमरेड तालुका)

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था हे संदेश पाठवते आणि कोणीही नागरिक नाव नोंदवून ते विनामूल्य मिळवू शकतो. हे संदेश ज्या उपग्रहांवरून येतात त्यांतील एका प्रमुख उपग्रहाची फेरी आपल्यावरून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास होते. दुपारी तीनला लागलेली लहान आग त्याला रात्रीपर्यंत दिसणारच नाही. शिवाय त्याच्या चित्रातला एक ठिपका सुमारे ३७५ मीटर रुंद असतो, त्यामुळे संदेशातील जागेवर पोहोचल्यावर आग नाल्यापलीकडे दिसली तर नवल मानू नये. पेंचमध्ये अलीकडे उंच मनोऱ्यावर कॅमेरा बसवून धूर ओळखणारी यंत्रणा आणली आहे, ती याहून लवकर सूचना देते.

उपग्रहाचे संदेश मी फेकून देऊ नयेत असे सांगेन ते दुसऱ्या कारणासाठी. समितीने मागील तीन-चार हंगामांचे सर्व संदेश एका नकाशावर मांडावेत. कोणत्या वळणावर, कोणत्या नाल्याच्या काठी आग परत परत लागते ते दिसेल, आणि पुढच्या वर्षी हंगामी फायर वॉचर नेमका कुठे बसवायचा यावर वनपालांशी अंदाजाने वाद घालावा लागणार नाही.

प्रश्न : आमचे आजोबा सांगत की पूर्वी लोक दरवर्षी जंगलात हलकी आग लावत आणि जंगल चांगले राही. मग आज आगीला एवढा विरोध का? (निवृत्त शिक्षक, रामटेक)

उत्तर : गुरुजी, या प्रश्नावर माझे मत गेल्या काही वर्षांत बदलले आहे. पूर्वी मी सरसकट "आग वाईट" असे लिहीत असे.

कर्नाटकातील बिळीगिरीरंगन टेकड्यांत सोलिगा समाज पाचोळा कोरडा पण कमी असताना, म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला, हलकी आग लावत असे. १९७४ मध्ये तेथे अभयारण्य झाले, आग बंद झाली, आणि पुढे घाणेरी, जिला आपण रायमुनिया म्हणतो, सर्वत्र माजली. आग बंद झाल्यानेच ती माजली असे सोलिगा म्हणतात. संशोधकांत त्यावर मतभेद आहेत, पण सोलिगांच्या म्हणण्याकडे आता दुर्लक्ष केले जात नाही. रायमुनियाचे वाळके जाळे पेटले की ज्वाळा माणसाच्या उंचीच्या वर जातात, हे पेंचच्या कडेला राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

तरीही आजोबांची आग आज परत आणावी असे मी म्हणणार नाही. त्या आगीमागे कोणत्या वर्षी, कोणत्या पट्ट्यात, किती पाऊस झाल्यावर लावायची हे माहीत असलेली माणसे होती. आता बहुतेक गावांत तो जाणता माणूस राहिलेला नाही, आणि उरलेली काडी कोणाच्याही खिशात आहे. आजोबांच्या काळी दोन गावांमध्ये जेवढे सलग जंगल होते तेवढेही नाही. वनविभाग जाळरेषांवर हंगामापूर्वी नियंत्रित आग लावतोच. त्या वेळी गावातील जुन्या माणसांना बरोबर न्यावे आणि कुठे, कधी, वाऱ्याची दिशा कोणती हे त्यांना विचारावे. अधिकृत मार्गाने एवढे आजही करता येते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) सारख्या ग्रामसभांना २००९ पासून आपल्या वनाच्या व्यवस्थापनाचा हक्क आहे. वनहक्क कायदा, २००६ तो हक्क आणि रक्षणाची जबाबदारी एकत्रच देतो. आगीच्या प्रश्नावर वनविभाग आणि ग्रामसभा यांनी एकच लेखी आराखडा करावा, दोन वेगळे करू नयेत, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

प्रश्न : आमच्या युवक मंडळाला वणवा विझवायला जायचे आहे. काय तयारी करावी? (युवक मंडळ, हिंगणा तालुका)

उत्तर : आधी हे वाचा. ८ एप्रिल २०२१ रोजी नागझिरा अभयारण्यात आग विझवताना तीन हंगामी वनमजूर मृत्युमुखी पडले. ती माणसे जंगलात रोज वावरणारी होती. ११ मार्च २०१८ रोजी तामिळनाडूतील कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून २३ जण गेले. ते गिर्यारोहणासाठी गेलेले शहरी लोक होते. उत्साहाने आग विझत नाही.

वनरक्षकाच्या माहितीशिवाय आणि त्याच्या माणसाशिवाय जंगलात शिरू नका. वनपरिक्षेत्र कार्यालयाकडे मंडळाची यादी द्या, जानेवारीत प्रशिक्षण मागा, आणि विमा व प्रथमोपचार यांचे काय, हे तेव्हाच विचारून घ्या. आत जाताना नावे लिहा, बाहेर येताना पुन्हा मोजा. अंगात सुती कपडे हवेत. टेरिकॉटचा शर्ट वितळून कातडीला चिकटतो. पायात बूट हवेत, चप्पल नको. आगीच्या तोंडासमोर उभे राहू नका. ती मागून आणि दोन्ही कुशींकडून झोडपत आणावी. चढावर आगीच्या वर कधीही थांबू नका, कारण उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो आणि धावणाऱ्या माणसाचा मात्र कमी होतो. वारा फिरला आणि मार्ग सुचेनासा झाला, तर आधीच जळून काळी झालेली जागा सर्वांत सुरक्षित असते. ती कुठे आहे हे आत शिरतानाच पाहून ठेवा.

विझल्यावर लगेच परतू नका. मोहाच्या पोकळ बुंध्यात किंवा वठलेल्या सागात विस्तव रात्रभर धुमसतो. हाताचा मागचा भाग जवळ नेऊन ऊब तपासा, माती टाका आणि दोन जणांना तेथे थांबवा. आपल्यापैकी ज्यांना आत जायचे नाही त्यांच्यासाठीही भरपूर काम आहे. डबे, पाणी, ब्लोअरचे इंधन आणि फोन उचलणारा एक शांत माणूस यांवाचून आतल्या पथकाचे अडते.

प्रश्न : अंबाझरीजवळ आमचा ले-आऊट आहे. दर उन्हाळ्यात आजूबाजूचे गवत पेटते. आम्ही शहरातले लोक यात काय करू शकतो? (एक गृहिणी, नागपूर)

उत्तर : रिकाम्या भूखंडांवरचे गवत जानेवारीअखेर कापून घ्या. गैरहजर मालकांना रहिवासी संघामार्फत पत्र पाठवा आणि कापणीचा खर्च वाटून घेण्याची तयारी ठेवा, नाहीतर ते पत्र फाईलीतच राहते. वाळलेला पाला गोळा करून पेटवण्याची सवय झाडूवाल्यापासून ते बंगल्याच्या माळ्यापर्यंत सगळ्यांची मोडावी लागेल. कंपोस्टचा एक खड्डा संपूर्ण ले-आऊटला पुरतो. कुंपणाला टेकलेल्या फांद्या, जुने फर्निचर आणि गाद्या तेथून हलवा.

आग दिसल्यावर इमारतीकडे सरकत असेल तर १०१, आणि जंगलाकडे सरकत असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. फोनवर "अंबाझरीला आग लागली" एवढेच सांगू नका, कारण अंबाझरी मोठी आहे. जवळचा विजेचा खांब, नाल्याचा पूल किंवा फाटक सांगा, धूर कोणत्या दिशेला झुकला आहे ते सांगा, आणि गाडी आत येऊ शकेल असा रस्ता कोणता, हे आजच पायी जाऊन पाहून ठेवा.